लेस्टरकाकांचा कोरडा वॉल्ट्झ

आमचे लेस्टरकाका दर नाचाच्या शेवटी एक वॉल्ट्झ वाजवायचे आणि त्याचा आवाज यायचा नाही. थट्टा नाही करत. पेटी मांडीवर, पट्टा खांद्यावर, बोटं बटणांवर भराभर चाललेली, आणि भाता मात्र बंद, त्याचा चामडी पट्टाही लावलेला. टक टक, टकटक टक. एवढंच. हॉलभर माणसं जोडीजोडीनं उभी, कुणी हलायचं नाही. ती चाल जितका वेळ चालली असती तितका वेळ टकटक चालायची, मग काका पेटी उतरवायचे, टोपी घालायचे आणि घरी जायचे. नवखा माणूस म्हणायचा, म्हातारा खुळावलाय. खुळावले नव्हते, आणि म्हातारे म्हणाल तर तेव्हा साठीचेही नव्हते.

ती चाल माझ्या मावशीची, म्हणजे काकांच्या बायकोची. मावशीचं नाव मी इतक्यात घेणार नाही. आता घेतलं तर चालतं, केव्हाच उघडलं ते. पण ज्या दिवसांचं सांगते आहे त्या दिवसांत ते बंद होतं, आणि बंद नाव गोष्टीतसुद्धा घ्यायला माझी जीभ रेटत नाही.

काका जन्मले गोऱ्या मालकाच्या कुरणावर आणि वाढले घोड्याच्या पाठीवर. बाप गुरं हाकणारा, चुलता गुरं हाकणारा, आणि चुलत्याकडं ही पेटी. अकॉर्डियन म्हणा हवं तर, आम्ही पेटीच म्हणतो. हिला काळ्या-पांढऱ्या पट्ट्या नसतात, बटणं असतात, आणि प्रत्येक बटणाचे सूर दोन. भाता दाबला की एक, ओढला की दुसरा. म्हणजे अर्धी चाल बोटांत आणि उरलेली अर्धी भात्यावरच्या डाव्या हातात. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

चुलत्याच्या पेटीची तीन बटणं मेलेली होती. काका तिच्यावरच शिकले, त्यामुळं मेलेल्या बटणांचे सूर गाळूनच त्यांच्या चाली बसल्या. पुढं स्वतःची धडधाकट पेटी आली तरी ती जागा आली की काकांची उडी ठरलेली. आजही आमच्याकडचा पोल्का, म्हणजे उडत्या ठेक्याची नाचाची चाल, ऐकून बाहेरचे वाजवणारे म्हणतात, इथं एक सूर खाल्लात तुम्ही. खाल्ला तर खाल्ला. तुमच्या घरचा नाही ना खाल्ला?

आमच्याकडच्या उन्हात पेटीतलं मेण वितळतं आणि आतल्या सूर काढणाऱ्या पितळी पत्त्या गळून पडतात. काका रानमाश्यांच्या पोळ्याचं काळं मेण आणायचे, त्यात झाडाचा डिंक उकळायचे आणि एकेक पत्ती परत बसवायचे. म्हणून त्यांनी भाता ओढला की पुढं नाचणाऱ्यांना मधाचा वास यायचा. दुपारची पेटी ओल्या गोणपाटात गुंडाळून पलंगाखाली. मावशी म्हणायची, मला ताप आला तर हा माणूस साधं फडकं ओलं करत नाही, आणि ह्या सवतीचे लाड बघा.

त्यांचं जमलं तेही पेटीवरूनच. मावशी मालकाच्या घरी धुणं धुवायची. तिथला म्हातारा आयरिश आचारी कणीक तिंबताना एक वॉल्ट्झ शिट्टीवर वाजवायचा, तो हिनं उचलला. काका त्या मोसमात गुरं घेऊन आले होते. संध्याकाळी खोगीरखान्यापाशी बसून तीच चाल चाचपडत होते, कुठंतरी लांबून ऐकलेली. मावशी दोरीवर चादरी वाळत घालत होती. चादरीआडूनच म्हणाली, "दुसरा भाग चुकतोय तुझा."

"मग तू वाजव," काका म्हणाले.

तिनं शिट्टीवर सगळा दुसरा भाग वाजवून दाखवला. तिची आई, म्हणजे माझी आयव्हीआजी, धुण्याच्या दगडावरून ओरडली की बाईमाणसानं शिट्टी वाजवू नये, शिट्टीनं नको ते जवळ येतं. आलंच की. काका आले.

तेव्हापासून ती चाल मावशीची, तिच्याच नावाची. सगळे नाच तिच्यावर संपायचे. काका इतर सगळं लोकांसाठी वाजवायचे, हे एक तिच्यासाठी. ती नाचायची नाही, त्यांच्या शेजारी उभी राहून दुसऱ्या भागात हळूच शिट्टी घालायची. आम्ही पोरी कोपरानं एकमेकींना ढोसायचो.

आता आजीचं सांगते. आमच्यात, इथल्या मूळच्या लोकांत, जावई नि सासू एकमेकांशी बोलत नाहीत, एकमेकांकडं बघत नाहीत, एका छपराखाली बसत नाहीत. ते भांडण नव्हे, मान. समोरून आजी आली की काका खोकायचे आणि वाट सोडून झुडपात शिरायचे. आजी डोक्यावर फडकं ओढून पाठ करायची. माझा बाप, तोही तिचा जावईच, तर तिच्या वाऱ्यालासुद्धा उभा राहायचा नाही. नदीत चांगला मासा गावला की त्यातला मोठा सासूला जायचा, आणि तो पोचवायला मी. काका थोड्या अंतरावर पाठ करून उभे. आजी मासा हातात घेऊन मला सांगायची, त्याला सांग, मागच्या खेपेचा शिळा होता. काका मला सांगायचे, सांग त्यांना, पुढच्या खेपेला ताजा आणतो. दोघांनाही दोघांचं स्पष्ट ऐकू यायचं, तरी मी इकडचं तिकडं नि तिकडचं इकडं करायची. माझं अर्धं आयुष्य त्या निरोपांत गेलं.

हॉल पत्र्याचा, जमीन फळ्यांची. काका आत, मागच्या भिंतीला पाठ टेकून बसायचे. आजीला आत यायची सोय नव्हती, पण नाच चुकवायचा तर तिचा जीव वर-खाली. म्हणून ती बाहेर, त्याच भिंतीला, नेमकी त्यांच्या पाठीमागं पालथ्या पिंपावर बसायची. मध्ये फक्त एक पत्रा. आयुष्यात ती दोघं एवढी जवळ दुसरीकडं कुठं आली नाहीत. आजी मला म्हणायची, जावयाचं तोंड कसं आहे मला ठाऊक नाही, पण त्याचा खांदा आज दुखतोय हे मला पोल्क्यावरून कळतं.

मावशी गेली छातीच्या दुखण्यानं. विमानातून किनाऱ्यावरच्या इस्पितळात नेली आणि पेटाऱ्यातून परत आली. आम्ही घर पानांच्या धुरानं भरलं, अंगणातली तिची पावलं फांदीनं झाडली, कपडे जाळले, भांडी लांबच्या नातलगांना दिली. तिचं नाव बंद झालं, मेलेल्याचं नाव आमच्यात कुणी घेत नाही. नाव बंद म्हणजे चालही बंद, चाल तिचीच ना. आणि बंद झालेलं उघडायचा हक्क आईचा. आजी उघडेपर्यंत कुणी ब्र काढायचा नाही.

आता माझं ऐका. माझं नावही तेच. मावशीवरूनच ठेवलेलं. ती गेली आणि एका दिवसात माझं नाव माझ्या अंगावरून उतरवून घेतलं. मी झाले बिननावाची. दुकानात बिननावाची, विहिरीवर बिननावाची. नवरा 'अगं ए'वर आला. दवाखान्यातली नवी नर्स कागदावरचं नाव मोठ्यानं पुकारायची, तेव्हा बाकावरच्या बाया खाली बघायच्या आणि मी उठायची नाही. नर्सला वाटायचं, हिला अक्कल कमी आहे.

वर्षभर काकांनी पेटीला हात लावला नाही. लोकांत कुजबुज होती की पेटीही देऊन टाकायला हवी. तेव्हा आजीचा निरोप आला, अर्थात माझ्याच तोंडून, की पेटी त्याची लग्नाआधीची आहे, राहू दे. मग काका पुन्हा हॉलवर यायला लागले. पोल्के वाजवले, सगळं वाजवलं. आणि शेवटी, जिथं ती चाल यायची तिथं, त्यांनी भात्याचा पट्टा लावला आणि नुसती बोटं चालवली.

मी तर गारच पडले. आमचे थोरले क्लॉडमामा, ज्यांचा शब्द अशा बाबतीत वजनाचा, ते म्हणाले की बोटं हलली म्हणजे वाजवलं. बाकीचे म्हणाले, वारा नाही तर आवाज नाही, आवाज नाही तर वाजवलं कसं? शेवटी मला आजीकडं पाठवलं. आजी बाहेर पिंपावरच होती. तिनं फडकं नीट केलं आणि म्हणाली, मी काही ऐकलं नाही. विषय तिथंच मिटला.

तसं पाहिलं तर लोक वर्षा-दोन वर्षांत उघडतात. आजी काही उघडेना. वर्षं गेली. तिच्यामागून मेलेल्यांची नावं उघडली, हिचं बंदच. मला राग यायचा, का येऊ नये? एकदा मी धीर करून विचारलं की आजी, किती दिवस? ती म्हणाली, लेक माझी गेली की तुझी? मी म्हटलं, नाव माझंही गेलंय. त्यावर म्हणते कशी, बिननावाची म्हणून तुला भाकर कमी मिळते का? ह्या बाईशी बोलण्यात अर्थ नव्हता.

पण खरी काळजी काकांची होती. दोन बोटं घोड्यानं पूर्वीच मोडलेली, आता सांधेही सुजायला लागले. सकाळी कप धरायचा तर दोन्ही हात लागायचे. पोरं त्यांच्याकडून पोल्के शिकली, पण ही चाल कुणाला शिकवणार? बंद चाल शिकवता येत नाही. एकदा मी त्यांना भाकरी नेऊन दिली तेव्हा ते पायरीवर बसून कढत पाण्यात हात शेकत होते. मला म्हणाले, "ती आता ह्या बोटांतच आहे तेवढी. ही वाकायची थांबली की ती दुसऱ्यांदा जाईल."

मी म्हटलं, पलीकडं विचारू का? आजीला ते 'पलीकडच्या' म्हणायचे, म्हणून मीही. त्यांनी मान हलवली. ज्याची लेक गेली त्यानं सांगायचं असतं, आपण मागायचं नसतं, म्हणाले. मग हात पाण्यात आणखी खाली घातले. तिची शिट्टी कशी होती ते मला आठवेनासं झालंय, म्हणाले, टकटक करतो तेव्हा जराशी आठवते. मी भांडी उचलायचं निमित्त करून आत गेले.

त्या वर्षीच्या घोड्यांच्या शर्यतींचा शनिवार. दुपार कलताच नाच सुरू झाला. मी आजीबरोबर बाहेर बसले होते, कारण हल्ली तिला एकटं सोडणं बरं नव्हतं. किटली उतू जाऊन चूल विझली तरी हिला पत्ता नसायचा. वर आमच्यावरच आळ, की तुम्ही सगळे मुद्दाम तोंडातल्या तोंडात बोलता. बहिरी झालीस म्हणायची कुणाची छाती होती?

आतून पोल्का संपला. टाळ्या झाल्या, मग सगळं शांत झालं. मी पत्र्याला कान लावला. टक टक, टकटक टक. बोटं हळू झाली होती, मध्येच एखादं बटण हुकत होतं, पण चाल चालली होती.

आजी अस्वस्थ झाली. पिंपावर इकडची तिकडं सरकली. मग तिनं माझा दंड धरला.

"आज थांबला का गं तो? हात गेले का त्याचे?"

मी तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले की अगं, वाजवतायत, चाललंय त्यांचं. तिनं पत्र्यावर तळवा ठेवला. मग कान ठेवला. मग दुसरा कान. बराच वेळ तशीच राहिली आणि तिचा चेहरा असा पडला की मला तिच्याकडं बघवेना.

"मला येत नाही ऐकू," ती म्हणाली. "मागच्या खेपेला थोडं आलं होतं. आज काहीच नाही."

म्हणजे ही सगळं ऐकत होती. 'मी काही ऐकलं नाही' म्हणणारी आमची आजी इतकी वर्षं दर नाचाला ती टकटक कान देऊन ऐकत होती. मी काही बोलायच्या आत तीच बोलायला लागली, माझ्याकडं न बघता. दुसऱ्या भागात त्याचं एक बटण अडकतं, म्हणाली, तिथं आजी स्वतः दर वेळी श्वास धरायची, सुटलं की सोडायची. उघडली असती तर ती चाल सगळ्या गावाची झाली असती, पोरं रस्त्यानं वाजवत हिंडली असती. बंद होती तोवर ती दोघांचीच होती, आजीची आणि जावयाची. लेक मध्ये बसलेली असायची. आजीनं हे सगळं सांगितलं आणि डोक्यावरचं फडकं पुढं ओढलं.

"जा," ती म्हणाली. "त्याला सांग, वारा सोड म्हणावं."

मी उठले ते धावतच आत गेले. काकांच्या कानाशी वाकून म्हटलं, पलीकडून निरोप आहे, वारा सोडा. त्यांची बोटं थांबली. नीट ऐकलंस का, त्यांनी विचारलं. नीट ऐकलं, म्हटलं. ते भात्याचा पट्टा सोडायला गेले तर सुजल्या बोटांना तो सुटेना, मीच सोडला. आसपासच्यांनी ते पाहिलं आणि सगळ्या हॉलला कळलं. क्लॉडमामांनी टोपी काढली.

पहिला भाग आला. मधाचा वास आला. बायका तोंडावर बाही, रुमाल, जे हाती लागेल ते धरून रडायला लागल्या, मीही. मग दुसरा भाग सुरू झाला आणि चुकला. काकांनी पुन्हा घेतला, पुन्हा चुकला. बोटं बरोबर जागी पडत होती हो, भाता चुकत होता. ह्या चालीत इतकी वर्षं बोटं तेवढी चालली, डावा हात मांडीवर पडून राहिला. कुठं दाबायचं, कुठं ओढायचं, हात विसरून गेला होता. जिथं सूर चढायचा तिथं उतरत होता. तिसऱ्यांदा चुकला तेव्हा काकांनी पेटीवर कपाळ टेकलं.

"गेली," ते म्हणाले. "मीच घालवली."

हॉलमध्ये कुणी कुणाकडं बघेना. मला वाटलं, ह्याच्यापेक्षा बंद होती तीच बरी होती.

आणि पत्र्यापलीकडून शिट्टी आली. आजीच्या तोंडात दात उरले होते मोजून चार, त्यामुळं निम्मी हवाच. तिला काय चुकलं ते ऐकू आलं नव्हतं. पाठीमागचा पत्रा थरथरायचा थांबला एवढंच तिला कळलं होतं. बाईमाणसानं शिट्टी वाजवू नये म्हणून लेकीला जन्मभर बोलणारी माझी आजी लेकीचा दुसरा भाग सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवत होती, आणि संपला की पुन्हा. शिट्टी म्हणजे जावयाशी बोलणं झालं का, ह्यावर आमच्याकडं अजून वाद घालतात. घालू दे.

काकांनी मान वळवली नाही. तेवढ्यातही मान राखला. पत्र्याला पाठ टेकवून डोळे मिटून ऐकत राहिले. मग त्यांचा डावा हात हलला, ओढ, दाब, ओढ, आणि बोटं त्याच्यामागून गेली. क्लॉडमामा आपल्या बायकोला घेऊन पुढं झाले. मग सगळेच नाचायला लागले.

मी बाहेर गेले. आजीची शिट्टी थांबली होती. पाठ आणि दोन्ही तळवे पत्र्याला लावून ती बसली होती. मीही शेजारी तशीच बसले. पत्रा थरथरत होता, अगदी कमरेपर्यंत कळत होतं. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती. चाल तीनदा झाली, मग पत्रा शांत झाला.

"एल्मा, चहा टाक," आजी म्हणाली.

मी बसूनच राहिले. मला कुणी हाक मारतंय हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

"एल्मा! तूही बहिरी झालीस का? चहा टाक म्हणते. आणि एक कप आत नेऊन दे. त्याला सांग, दुसरा भाग चुकतोय तुझा."

मी चहा केला, कप आत नेला आणि निरोप जसाच्या तसा सांगितला. काकांनी कप घेतला नाही. टोपी तोंडावर धरून ते बराच वेळ बसून राहिले, आणि मी चहा गार होईपर्यंत कप धरून त्यांच्याजवळ उभी राहिले.